धागा: ध्यास कुठे संपतो आणि कट्टरपणा कुठे सुरू होतो?

खडूफळा (धागाकर्ता)

कट्टरपणावरची चर्चा दहाव्या प्रतिसादापर्यंत कुठल्या तरी एका गटावर घसरते आणि मग सगळे एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. इथे तसं नको. कोण जास्त कट्टर, हा विषयच नाही. माणूस झपाटला जातो तेव्हा नेमकं काय बिघडतं, ते बाहेरून कसं ओळखायचं आणि त्यावर काय चालतं, काय चालत नाही, एवढंच बोलू.

सुरुवात माझ्याकडून. आपण सहसा तीव्रता मोजतो. दिवसाचे दहा तास एकाच गोष्टीत घालवणारा तो वेडा, दोन तास घालवणारा तो शहाणा. हे माप चुकीचं आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलेरँड आणि सहकाऱ्यांनी 2003 साली ध्यासाचे दोन प्रकार मांडले. दोन्हींत आवड असते, वेळ दिलेला असतो, ती गोष्ट 'मी कोण' याचा भाग झालेली असते. फरक ताब्याचा. पहिल्या प्रकारात माणूस त्या गोष्टीला आयुष्यात जागा देतो. दुसऱ्यात ती गोष्ट बाकीच्यांना हुसकावून बसते. त्यांच्या प्रश्नावलीत 1 ते 7 गुणांची विधानं असतात: ही गोष्ट माझ्या बाकीच्या आयुष्याशी जुळून येते, या अर्थाची काही, ती माझ्यावर राज्य करते, या अर्थाची काही. एकूण तास दोघांचे सारखे असू शकतात.

त्याच कामात क्विबेकमधल्या सायकलस्वारांचा एक छोटा अभ्यास आहे. तिथल्या हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असतो, सायकल चालवणं सरळसरळ धोक्याचं. हिवाळ्यातही कोण चालवत राहिलं, तर ज्यांचे दुसऱ्या प्रकारचे गुण जास्त ते. नर्तकांवरच्या 2006 च्या अभ्यासातही तोच धागा सापडला. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे पछाडलेल्या ध्यासाचे नर्तक दुखापत झाली तरी नाचत राहायचे आणि जुनाट दुखण्यांनी जास्त काळ अडकायचे.

म्हणून माझी कसोटी अशी: माणूस किती करतो हे पाहू नका. परिस्थिती 'थांब' म्हणते तेव्हा त्याला थांबता येतं का, ते पाहा. आणि थांबला तर त्या रिकाम्या दिवशी तो काय करतो? दुसऱ्या कामात रमतो, की अपराधी चेहऱ्याने येरझारा घालतो?

---

दुसरी_बाजू

मांडणी नीटनेटकी आहे, पण मला ती जरा सोयीची वाटते. 'परिस्थिती थांब म्हणते' म्हणजे कोण म्हणतं? बहुतेक वेळा बहुमत म्हणतं, आणि बहुमताचं ऐकलं असतं तर कितीतरी गोष्टी घडल्याच नसत्या.

डॉक्टर सेमेलवाइसचं बघा. व्हिएन्नाच्या रुग्णालयात 1847 साली त्याने डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्याच्या विभागातला बाळंतिणींचा मृत्युदर 18 टक्क्यांच्या वर होता, जूनमध्ये तो 2 टक्क्यांच्या आसपास आला. तरी मोठमोठ्या डॉक्टरांनी मानलं नाही. तो मात्र हटला नाही. तुमच्या प्रश्नावलीत त्याला किती गुण पडले असते? बहुधा पैकीच्या पैकी. मग तो कट्टर का?

---

अर्धविराम

उदाहरण फारच चांगलं निवडलंत, कारण त्यात दोन सेमेलवाइस आहेत.

1847 चा सेमेलवाइस आधी बघू. एकाच रुग्णालयात दोन प्रसूती विभाग. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. पहिल्यात मृत्यू कितीतरी जास्त. त्याने एकेक कारण घेतलं आणि खोडलं: गर्दी म्हणावी तर ती दुसऱ्या विभागातच जास्त, हवा म्हणावी तर दोन्हीकडे तीच. पाद्री घंटा वाजवत पहिल्या विभागातून जायचा, त्या भीतीने बायका दगावत असतील, हेसुद्धा त्याने त्याचा रस्ता बदलून तपासलं. फरक पडला नाही, कल्पना सोडली. मग त्याचा सहकारी कोलेचका शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याची सुरी लागून मेला आणि त्याच्या शरीरात तीच लक्षणं दिसली. तिथून हात धुण्याचा नियम आला. या माणसाचा ध्यास जबरदस्त आहे, पण तो दर महिन्याला स्वतःच्या कल्पना मारतोय.

आता 1861 चा सेमेलवाइस. निष्कर्षांवर सविस्तर पुस्तक यायला चौदा वर्षं गेली. त्यात त्याने बाळंतज्वराच्या सगळ्या प्रकारांना एकच कारण लावलं, सडलेलं सेंद्रिय द्रव्य. काही टीकाकारांचे आक्षेप मूर्खपणाचे होते, काहींचे वाजवी होते. त्याने सगळ्यांना एकाच मापाने मोजलं आणि विरोधी प्राध्यापकांना उघड पत्रं लिहून खुनी ठरवलं. यातून हात धुणारे वाढले नाहीत, शत्रू वाढले. 1865 मध्ये वेड्यांच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला. शेवटच्या वर्षांत त्याला काही आजार असावा असंही मानलं जातं, त्यामुळे सगळा दोष स्वभावावर टाकणं बरोबर नाही.

म्हणजे मुद्दा बरोबर असूनही माणूस कट्टर होऊ शकतो. या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. आपण घोळ करतो तो इथेच. माणूस बरोबर निघाला की त्याच्या हेक्याला आपण निष्ठा म्हणतो आणि चूक निघाला की निष्ठेला हेका.

---

मृदा

अर्धविराम यांनी जे सांगितलं त्याला प्रयोगशाळेतही थोडा आधार आहे. जरा बारकाईने सांगते, कारण हे अभ्यास बातम्यांत 'कट्टरांचा मेंदू वेगळा' अशा मथळ्याने येतात, आणि ते अर्धसत्य असतं.

एक जुनी चाचणी आहे, पत्त्यांची. समोर चार नमुना-पत्ते. हातात गठ्ठा, त्यातला प्रत्येक पत्ता चारपैकी कुठल्या तरी एकाखाली लावायचा. पत्त्यांवर आकृत्या असतात, त्यांचा रंग, आकार आणि संख्या वेगवेगळी. कशानुसार लावायचं हे सांगत नाहीत, फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' एवढंच कळतं. थोड्या वेळात लक्षात येतं, अच्छा, रंगानुसार. सलग दहा बरोबर आले की परीक्षक गुपचूप नियम बदलतो. आता आकार. काल बरोबर असलेलं उत्तर आज चूक. बहुतेक लोक दोन-तीन चुकांत वळतात. काही जण मात्र 'चूक, चूक, चूक' ऐकूनही रंगच लावत राहतात. या चुका वेगळ्या मोजतात. लिओर झ्मिग्रॉड यांच्या अभ्यासांत पक्षाशी घट्ट चिकटलेले लोक, मग ते कुठल्याही टोकाचे असोत, अशा चाचण्यांत सरासरीने कमी लवचीक निघाले. चाचणीत राजकारणाचा मागमूस नाही हे लक्षात घ्या.

दुसरा प्रयोग 2018 चा, रोलवागे, डोलन आणि फ्लेमिंग यांचा. पडद्यावर ठिपक्यांचे दोन पुंजके. कुठल्यात ठिपके जास्त ते सांगा, आणि किती खात्री आहे तेही सांगा. मग आणखी पुरावा दाखवतात आणि पुन्हा खात्री विचारतात. टोकाची मतं असलेले लोक ठिपके ओळखण्यात कमी पडले नाहीत, उत्तरं इतरांइतकीच बरोबर. कमी पडले ते आपण कधी बरोबर आणि कधी चूक हे ओळखण्यात. चुकलेल्या उत्तरानंतर नवा पुरावा दाखवला तरी त्यांची खात्री पुरेशी उतरत नव्हती.

हे सगळे फरक सरासरीचे आहेत आणि लहान आहेत. त्यावरून एखाद्या माणसावर शिक्का मारता येत नाही. शिवाय ताठरपणामुळे कट्टरपणा येतो की कट्टर गटात राहून ताठरपणा येतो, हे अशा अभ्यासांतून ठरत नाही.

---

कोराकागद

म्हणजे हा एक आजारच झाला की. मग डॉक्टरकडे का नाही न्यायचं?

---

मृदा

नाही, आणि ही गल्लत महागात पडते. तीन गोष्टी वेगळ्या ठेवा.

मंत्रचळात (ओसीडी) माणसाच्या डोक्यात एक विचार घुसतो आणि तो त्याला स्वतःलाच नकोसा असतो. कुलूप लागलं का, हात स्वच्छ झाले का. तो त्याच्याशी झगडत असतो. संभ्रमात (डिल्यूजन) माणसाची समजूत त्याची एकट्याची असते, त्याच्या आजूबाजूच्या कुणालाच ती पटत नाही. कट्टर माणसाचं तसं नसतं. त्याला आपला विचार आवडतो, तो त्याचं रक्षण करतो, आणि तो विचार मानणारे आणखी शेकडो लोक त्याच्याभोवती असतात. जर्मन मनोविकारतज्ज्ञ वेर्निके यांनी 1892 मध्येच या मधल्या जागेला नाव दिलं होतं. मराठीत 'अतिमूल्यित कल्पना' म्हणता येईल. समजण्यासारखी, पण सगळ्या आयुष्याला व्यापून बसलेली.

डॉक्टरांकडे न्यायची वेळ कधी? झोप तुटली, खाणं सुटलं, आवाज ऐकू येऊ लागले, स्वभावात आठवड्या-दोन आठवड्यांत झटकन बदल झाला, किंवा स्वतःला अथवा दुसऱ्याला इजा करण्याची भाषा आली तर लगेच. नुसतं मत टोकाचं आहे म्हणून नव्हे. मतभेदाला आजार म्हणायची सवय लागली की ती सत्तेच्या फार सोयीची होते. सोव्हिएत संघात विरोधकांना 'संथ स्किझोफ्रेनिया'चं निदान देऊन कोंडून ठेवलं जात होतं.

---

निरंजन_रात्रपाळी

एकट्या माणसाच्या डोक्याबद्दल बरंच झालं. माझ्या मते खरा कारखाना गटात असतो. पायऱ्या अशा.

पहिली पायरी मुद्दाम क्षुल्लक ठेवलेली असते. फ्रीडमन आणि फ्रेझर यांचा 1966 चा प्रयोग: कॅलिफोर्नियातल्या गृहिणींना विचारलं, सुरक्षित वाहन चालवण्याबद्दलची तीन इंचांची छोटी पाटी लावाल का? बहुतेकांनी लावली. दोन आठवड्यांनी दुसऱ्याच माणसाने येऊन अंगणात एक भलामोठा, कुरूप फलक लावायची परवानगी मागितली. आधी काहीच न विचारलेल्या घरांपैकी 17 टक्के हो म्हणाले. छोटी पाटी लावलेल्यांपैकी 76 टक्के. मधल्या काळात कुणी त्यांना काही पटवलं नव्हतं. 'मी अशा कामात भाग घेणारी आहे' हे त्यांनी स्वतःलाच पटवलं होतं.

दुसरी पायरी किंमत वसूल करण्याची. आरॉन्सन आणि मिल्स, 1959. एका चर्चागटात प्रवेश मिळवण्यासाठी काही विद्यार्थिनींना लाज आणणारा मजकूर मोठ्याने वाचावा लागला, काहींना सौम्य, काहींना काहीच नाही. मग सगळ्यांना गटाची चर्चा ऐकवली, जी मुद्दाम रटाळ बनवली होती. जिने जास्त सोसलं तिला ती चर्चा जास्त रंजक वाटली. म्हणून कडव्या गटांचे नियम सोपे नसतात. कठोर नियम ही त्यांची अडचण नाही, तोच त्यांचा गोंद आहे.

तिसरी, आतल्या आत चर्चा. एकाच बाजूला थोडे झुकलेले लोक एकत्र बोलायला बसले की बैठक संपताना सरासरी मत आणखी त्याच बाजूला सरकलेलं असतं. मोस्कोविची आणि झावालोनी यांनी 1969 मध्ये हे दाखवलं. कारणं दोन. सगळे एकाच बाजूचे मुद्दे आणतात, त्यामुळे प्रत्येकाच्या पोतडीत नवे मुद्दे पडतात. आणि प्रत्येकाला गटाच्या सरासरीपेक्षा एक पाऊल पुढे असल्याचं दाखवायचं असतं. सगळेच एक पाऊल पुढे टाकतात, सरासरी हलते, पुन्हा सगळे एक पाऊल पुढे.

चौथी, भाषा. रॉबर्ट लिफ्टन यांनी 1961 मध्ये चीनमधल्या 'विचार-सुधारणे'चा अभ्यास मांडताना विचार तिथल्या तिथे थांबवणाऱ्या ठोकळेबाज वाक्यांकडे लक्ष वेधलं. शंका आली की एक तयार वाक्य हजर, आणि त्या वाक्यानंतर पुढे बोलायला जागाच उरत नाही. गट ओळखायचा असेल तर घोषणा ऐकू नका. कुणी अवघड प्रश्न विचारला की दहा वेगवेगळे लोक शब्दशः तेच उत्तर देतात का, ते ऐका.

पाचवी, परतीचा रस्ता. गयानातल्या जोन्सटाउन या एका पंथाच्या वस्तीत पासपोर्ट नेतृत्वाकडे होते, आजूबाजूला जंगल, ध्वनिक्षेपक दिवसभर चालू. 'व्हाइट नाइट' नावाच्या सरावात लोकांना पेला देऊन त्यात विष असल्याचं सांगितलं जाई आणि प्यायल्यावर कळे की ही निष्ठेची परीक्षा होती. 18 नोव्हेंबर 1978 ला ते खरं झालं, नऊशेहून जास्त माणसं गेली. त्यात मोठ्या संख्येने मुलं होती आणि सशस्त्र पहारेकरी उभे होते, म्हणून त्याला सरसकट 'सामूहिक आत्महत्या' म्हणणं मला पटत नाही.

---

दुसरी_बाजू

निरंजन, पायऱ्या पटल्या, पण यातल्या पहिल्या तीन कुठल्याही गिर्यारोहण गटात, संशोधन प्रयोगशाळेत किंवा लष्करी तुकडीत सापडतील. मग ते सगळे कट्टर?

---

निरंजन_रात्रपाळी

रास्त प्रश्न. फरक चौथ्या आणि पाचव्या पायरीत आहे. प्रयोगशाळेत कष्ट उपसावे लागतात, पण प्रमुखाच्या सिद्धांतात चूक दाखवली तर (निदान कागदोपत्री तरी) नाव होतं. गिर्यारोहक गट सोडून गेला तर त्याच्याशी बोलणं बंद होत नाही. दोन प्रश्न विचारा: आतून टीका करणाऱ्याचं काय होतं? आणि सोडून गेलेल्याचं काय होतं? दोन्हींची उत्तरं वाईट असतील तर बाकी काही तपासायची गरज नाही.

---

सांजवारा

भाकीत खोटं ठरल्यावर श्रद्धा उलट वाढते, असं नेहमी वाचायला मिळतं. एवढं ठाम आहे का ते?

---

अर्धविराम

तितकं ठाम नाही. तो दावा मुख्यतः फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांच्या 1956 च्या पुस्तकातून आला. अमेरिकेतल्या एका छोट्या गटाला 21 डिसेंबर 1954 ला महापूर येणार आणि उडत्या तबकड्या त्यांना वाचवणार अशी खात्री होती. पूर आला नाही, आणि लेखकांच्या म्हणण्याप्रमाणे गटाने तेव्हापासून जोरात प्रचार सुरू केला. पण त्या छोट्या गटात संशोधकांचेच बरेच निरीक्षक शिरलेले होते. अलीकडे जुनी कागदपत्रं तपासल्यावर दिसलं की त्यांनी गटाच्या वागण्यावर बराच प्रभाव टाकला होता आणि पुस्तकातलं चित्र जास्तच रंगवलेलं होतं. आधार म्हणून आता त्याकडे सावधपणे बघावं.

1844 चं मिलरपंथीयांचं उदाहरण जास्त शिकवतं. विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख धरली होती. काहींनी उभी पिकं शेतात तशीच सोडली. तारीख गेली. मग? खूप जण गप्प घरी परतले. काहींनी नव्या तारखा काढल्या. एका छोट्या गटाने तारीख बरोबर ठेवून घटनेचा अर्थ बदलला: त्या दिवशी काहीतरी घडलं, पण स्वर्गात. त्यातूनच पुढे एक मोठा आणि आजही टिकून असलेला संप्रदाय उभा राहिला.

म्हणजे एकाच धक्क्याने गट तीन दिशांना फुटतो. आपल्याला टिकलेले दिसतात, घरी गेलेले दिसत नाहीत. 'धक्का बसला की ते आणखी कट्टर होतात' हा नियम त्या दृष्टिदोषातून आलेला आहे. एकट्या पडलेल्याला शंका घेणं सोपं जातं, गराड्यात असलेल्याला अर्थ बदलणं सोपं जातं.

---

कोराकागद

आता कामाचं बोला. घरातला किंवा जवळचा माणूस असा झाला असेल तर बोलायचं कसं? पुरावे दाखवले की तो आणखी चिडतो.

---

मृदा

चिडतो हे खरं, पण म्हणून पुरावे उलटतात असं नाही. 2010 च्या एका अभ्यासानंतर 'दुरुस्ती केली की चूक समज आणखी घट्ट होतो' हे फार पसरलं. वुड आणि पोर्टर यांनी 2019 मध्ये दहा हजारांवर लोकांवर 52 मुद्दे तपासले. तसा उलटा परिणाम जवळपास कुठेच दिसला नाही, लोक माहिती दुरुस्त करून घेत होते. अडचण पुढची आहे: माहिती दुरुस्त होते, बाजू बदलत नाही. म्हणून एकाच बैठकीत बाजू बदलायची अपेक्षा ठेवलीत तर पालथ्या घड्यावर पाणी.

दुसरा एक लोकप्रिय उपाय: 'तुला असं का वाटतं' न विचारता 'हे नेमकं कसं चालेल, पायरी पायरीने सांग' असं विचारायचं. फर्नबाख आणि सहकाऱ्यांना 2013 मध्ये आढळलं की समजावून सांगताना लोकांना आपलं ज्ञान तोकडं असल्याचं कळतं आणि मत मवाळ होतं. पण 2021 मध्ये काटेकोरपणे पुन्हा करून पाहिल्यावर पहिला अर्धा भाग टिकला, दुसरा नाही. 'मला हे वाटलं तेवढं समजत नाही' इथपर्यंत माणूस येतो. तरीही तो प्रश्न विचारण्यासारखा आहे, कारण त्यात अपमान नाही. फक्त चमत्काराची आशा नको.

जे त्यातल्या त्यात टिकाऊ निघालं ते म्हणजे लांबलेलं, न्यायनिवाडा न करणारं संभाषण. ब्रूकमन आणि कल्ला यांचा 2016 चा मायामीतला प्रयोग: 501 मतदार, साधारण दहा मिनिटांची भेट, परिणाम तीन महिन्यांनीही शिल्लक. त्याचा साचा घरीही वापरता येतो:

1. आधी मत आकड्यात विचारा, 0 ते 10. 'आठ' असं उत्तर आलं तर 'दहा का नाही?' असं विचारा. मग शंका तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. (हा दुसरा प्रश्न त्या प्रयोगातला नाही, व्यसनमुक्तीच्या समुपदेशनातला आहे, पण इथे चपखल बसतो.)
2. उत्तर ऐकताना चेहरा सांभाळा. खोडायचं नाही, होकारही भरायचा नाही.
3. त्याला कधी कुणी वेगळं पाडलं होतं, कधी त्याच्याबद्दल लोकांनी परस्पर मत बनवलं होतं, याबद्दल बोलतं करा. मुद्द्यावर नाही, अनुभवावर.
4. तो अनुभव आणि समोरचा मुद्दा यांची गाठ त्यालाच मारू द्या.
5. शेवटी पुन्हा आकडा विचारा. आठचा सात झाला तर थांबा. पुढे रेटलंत तर नऊ होईल.

सगळ्यात जास्त चूक होते ती तिसऱ्या पायरीवर. लोक तिथेच मुद्दा घुसवतात, 'बघ, म्हणजे तुझंच म्हणणं चूक!' आणि सगळं मुसळ केरात.

आणखी एक. ज्याला तो पवित्र मानतो त्याची किंमत लावू नका. 'सोड ते, मी तुला अमुक देतो' हे सर्वांत वाईट वाक्य. जिंजेस, अॅट्रन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये इस्रायली वसाहतवासी आणि पॅलेस्टिनी निर्वासितांमध्ये तपासलं. पवित्र मानलेल्या गोष्टीवरच्या तडजोडीला पैशांची जोड दिली की विरोध आणि संताप वाढला. उलट समोरच्या बाजूने स्वतःची एखादी पवित्र गोष्ट सोडल्याचं प्रतीकात्मक पाऊल टाकलं तर तो उतरला.

---

सांजवारा

एक जोड देते. कुटुंबाने त्याला एकटं न पाडणं हाच निम्मा उपाय आहे. आश या मानसशास्त्रज्ञाच्या रेघांच्या प्रयोगांत (कुठली रेघ नमुन्याएवढी लांब ते सांगायचं) सगळा गट चुकीचं उत्तर देत असताना साधारण एक-तृतीयांश वेळा माणूस गटाची री ओढायचा. गटात एकच साथीदार बरोबर उत्तर देणारा ठेवला की हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर आलं. आणि साथीदार बरोबर नसला, त्याने आणखीच वेगळं चुकीचं उत्तर दिलं, तरी गटाचा दाब बराच कमी झाला! एकमत फुटलं एवढंच पुरतं. म्हणून त्याच्याशी वाद जिंकण्यापेक्षा, त्याला हसून वेगळं मत बोलून दाखवणारा आणि तरीही जेवायला बोलावणारा एक माणूस शिल्लक राहणं जास्त मोलाचं.

---

निरंजन_रात्रपाळी

बाहेर पडण्याबद्दल. हेलन रोझ एबाव यांनी 1988 मध्ये कुठलीही मोठी भूमिका सोडण्याचे चार टप्पे मांडले: पहिली शंका, पर्यायांची चाचपणी, वळणाचा क्षण, आणि 'माजी' म्हणून नवी ओळख. लोक तिसऱ्या टप्प्याच्या मागे लागतात कारण तो नाट्यमय असतो. माणसं घसरतात ती चौथ्यावर. गट सोडला की मित्र गेले, दिनक्रम गेला, आपण महत्त्वाचे आहोत ही भावना गेली. मानसशास्त्रज्ञ क्रुग्लान्स्की यांचं म्हणणंच हे आहे की कट्टरपणामागे आपल्याला महत्त्व असावं ही भूक असते, तिला एक कथा मिळते आणि ती कथा खरी मानणारं माणसांचं जाळं. कथा काढून घेतली तरी भूक तिथेच राहते. मग तोच माणूस तितक्याच त्वेषाने विरुद्ध गटात दिसतो, सुंभ जळला तरी पीळ तसाच.

म्हणून अनुभवी संस्था वादापेक्षा व्यवहाराकडे बघतात. घर, काम, कर्ज, टॅटू काढणं, जुन्या साथीदारांपासून सुरक्षितता. जर्मनीतली एक्झिट-डॉइचलांड ही संस्था 2000 पासून उजव्या कडव्या गटांतून बाहेर पडणाऱ्यांना मदत करते. त्यांचा 2011 चा एक उद्योग प्रसिद्ध आहे: गेरा इथल्या अशाच गटांच्या संगीत महोत्सवात त्यांनी 250 टी-शर्ट फुकट वाटले. वर कवटी आणि झेंडे, प्रेक्षकांना आवडेल असं. पहिल्या धुण्यात ते चित्र गेलं आणि खालचा मजकूर वर आला: तुझ्या टी-शर्टला जमतं ते तुलाही जमेल, आम्ही मदत करू. मजकूर वाचला जाणार तो घरी, एकट्याने, गराड्याबाहेर. इथेच त्यांची समज दिसते.

शिवाय दहशतवादाचे अभ्यासक जॉन हॉर्गन सांगतात तो भेद विसरू नका: हिंसक काम सोडणं आणि विचार सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली दुसरीशिवायही होते, आणि पुष्कळदा तेवढंच पदरात पडतं.

---

दुसरी_बाजू

माझा मूळ आक्षेप थोडा सुधारून ठेवतो. ब्रिटिश संसदेत गुलामांच्या व्यापाराविरुद्धचं विल्बरफोर्सचं विधेयक 1791 मध्ये 163 विरुद्ध 88 मतांनी पडलं. पुढेही पडत राहिलं. 1807 मध्ये 283 विरुद्ध 16 ने मंजूर झालं. मधल्या काळात ध्येय तसूभर हललं नाही. पण रस्ता बदलला. 1806 मध्ये जेम्स स्टीफन यांच्या कल्पनेने त्यांनी नीतीची भाषा बाजूला ठेवली आणि युद्धकाळातला राष्ट्रहिताचा मुद्दा पुढे करून परकीय वसाहतींना गुलाम पुरवण्यावर बंदी आणली. व्यापाराचा मोठा हिस्सा तिथेच कापला गेला. मृदा यांच्या पत्त्यांच्या भाषेत सांगायचं तर नियम बदलल्याचं त्यांना कळलं.

तेव्हा ध्येयाबद्दलचा हट्ट आणि साधनाबद्दलचा हट्ट वेगळे मोजा. पहिला असायला माझी ना नाही.

---

खडूफळा (धागाकर्ता)

मान्य, फक्त एक शेपूट जोडतो: ध्येयाच्या हट्टालाही एक कलम हवं, कुणाचा बळी द्यायचा नाही याचं. नाहीतर 'साधनं लवचीक' याचा अर्थ 'काहीही चालेल' असाही होतो, आणि तो अर्थ काढणारे कमी नाहीत.

स्वतःसाठी काय करता येईल असं दोघांनी खासगी निरोपात विचारलं, ते इथेच लिहितो. 'मी कट्टर आहे का' हा प्रश्न स्वतःला विचारून उपयोग नाही, उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी लेखी काम करा. ज्या मताबद्दल सगळ्यात जास्त खात्री आहे ते एका ओळीत लिहा. खाली लिहा, काय घडलं तर मी हे सोडेन. ते घडताना दिसू शकेल असं हवं. 'पक्का पुरावा मिळाला तर' हे चालणार नाही, तारीख, आकडा किंवा घटना हवी. कागद अशा माणसाकडे द्या ज्याला तुमचं मत पटत नाही. तीन महिन्यांनी त्यालाच विचारायला सांगा. अट पूर्ण झाल्यावर तुम्ही नवी अट घालू लागलात तर ते त्याला तुमच्या आधी दिसेल.

गटासाठी: चर्चेच्या आधी प्रत्येकाने मत चिठ्ठीवर लिहून द्यायचं, मग बोलायचं, मग पुन्हा चिठ्ठी. दोन्ही सरासऱ्या फळ्यावर. दर वेळी एकाच दिशेला सरकत असतील तर पुढच्या बैठकीला बाहेरचा माणूस बोलवा.

---

कोराकागद

चिठ्ठ्यांवर नावं घालायची की नाही?

---

खडूफळा (धागाकर्ता)

पहिल्या फेरीत नाही. अक्षर ओळखू येत असेल तर फक्त आकडा लिहून घ्या.